येशूच्या जन्मापासून सेलच्या बोर्डापर्यंत: नाताळबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर लागला की हे प्रश्न मला येतातच. ऑफिसात डबा खाताना, सोसायटीच्या ग्रुपवर, आणि रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात तर पोरं सोडतच नाहीत. मी वसईकडची, कॅथलिक घरातली, बरीच वर्षं मुलांना शिकवतेय, त्यामुळे उत्तरं शोधता शोधता पुष्कळ वाचून झालं. म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून ठेवावं. काही उत्तरं लांबलीत, तो विषयच तसा आहे.

येशूचा जन्म खरंच २५ डिसेंबरला झाला का?

बायबलमध्ये तारीखच नाहीये. तारीख नाही, महिना नाही, थंडी होती की ऊन तेही नाही. चार शुभवर्तमानांपैकी, म्हणजे बायबलमधल्या येशूची गोष्ट सांगणाऱ्या चार पुस्तकांपैकी, जन्माची गोष्ट सांगितलीय फक्त मत्तय आणि लूक या दोघांनी, मार्क एकदम मोठ्या झालेल्या येशूपासून सुरू करतो आणि योहानाकडे गोठा, मेंढपाळ यातलं काहीच नाही.

वर्षाचाही घोळ आहे. मत्तय सांगतो की तेव्हा हेरोद राजा जिवंत होता, आणि हेरोद इसवी सनापूर्वी ४ मध्ये वारला असं बहुतेक इतिहासकार धरतात, म्हणजे येशूचा जन्म इसवी सनाच्याही आधीचा निघतो. असं कसं झालं तर इसवी सन मोजायची पद्धत बसवली डायोनिसियस एक्झिगस नावाच्या एका मठवासी साधूनं, तीही ५२५ साली, आणि त्याच्या हिशोबात काही वर्षं इकडची तिकडे झाली. आपण आजही तोच हिशोब वापरतो.

याचं मला स्वतःला कधी दुःख वाटलं नाही. माझ्या आजीला जन्मतारीख विचारली की ती सांगायची, भाताची कापणी चालू होती तेव्हा मी झाले. तारीख माहीत नव्हती म्हणून आजी जन्मलीच नाही असं कोण म्हणेल?

मग पहिल्या ख्रिस्ती लोकांनी नाताळ कधी सुरू केला?

पहिली जवळजवळ तीनशे वर्षं असा सण होता याची कुठेही पक्की नोंद नाही. त्यांचा सण म्हणजे ईस्टर, येशूचं पुनरुत्थान. वाढदिवस साजरे करणं ही तर मूर्तिपूजक राजेलोकांची रीत समजायचे, तिसऱ्या शतकातला मोठा विद्वान ओरिजेन यानं तर साफ लिहिलंय की शास्त्रात वाढदिवसाची मेजवानी देणारे फारो आणि हेरोदासारखे लोकच दिसतात. त्याच्या थोडं आधी, इसवी सन २०० च्या सुमाराला, अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट जन्माच्या तारखांचे अंदाज नोंदवतो, त्यात एप्रिलमधल्या तारखा आहेत, २० मे आहे, २५ डिसेंबर मात्र नाही.

२५ डिसेंबर पहिल्यांदा स्वच्छ दिसतो तो रोममध्ये. ३५४ साली एका श्रीमंत ख्रिस्ती माणसासाठी बनवलेलं एक कॅलेंडर आहे, त्यातली एक यादी ३३६ सालापर्यंत मागे जाते आणि तिच्यात लिहिलंय की या दिवशी यहूदियातल्या बेथलेहेमात ख्रिस्त जन्मला. तेवढी एक ओळ. आज जगभर जी धामधूम चालते तिची सगळ्यात जुनी नोंद ही.

रोमन लोकांचा सूर्याचा सण चर्चनं उचलला म्हणतात, ते खरं का?

हा प्रश्न दरवर्षी व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फॉरवर्डमुळे येतो, आणि त्या फॉरवर्डमध्ये निम्मं खरं असतं निम्मं ठोकून दिलेलं.

खरं काय तर रोमन कॅलेंडरमध्ये २५ डिसेंबर हा वर्षातला सगळ्यात छोटा दिवस धरायचे, तिथून पुढे दिवस तिळातिळानं वाढायला लागतो. सम्राट ऑरेलियननं २७४ साली 'अजिंक्य सूर्य' म्हणजे सोल इन्व्हिक्टस या देवाचं मोठं देऊळ रोममध्ये बांधलं. आणि मी वर ज्या ३५४ च्या कॅलेंडरबद्दल बोलले त्याच पुस्तकात दुसऱ्या पानावर २५ डिसेंबरसमोर 'अजिंक्य' देवाचा जन्मदिवस आणि त्यानिमित्त रथांच्या ३० शर्यती अशी नोंद आहे. म्हणजे एकाच माणसाच्या कॅलेंडरात दोन्ही जन्मदिवस शेजारी शेजारी.

पण यावरून 'चोरला' म्हणणं घाईचं आहे, कारण दुसरं एक स्पष्टीकरण आहे आणि ते मला तितकंच पटतं. त्या काळी अशी समजूत होती की मोठा धर्मपुरुष ज्या तारखेला देह ठेवतो त्याच तारखेला त्याची गर्भधारणाही झालेली असते. पश्चिमेकडच्या ख्रिस्ती लोकांनी येशूच्या क्रुसावरच्या मरणाची तारीख काढली होती २५ मार्च. त्यात नऊ महिने मिळवा, २५ डिसेंबर येतो. पूर्वेकडे मरणाची तारीख धरली ६ एप्रिल, तिच्यात नऊ महिने मिळवले की ६ जानेवारी, आणि आर्मेनियन चर्च आजही ६ जानेवारीलाच ख्रिस्तजन्म साजरा करतं. सूर्याच्या सणानं ६ जानेवारीचं कोडं सुटत नाही, या हिशोबानं सुटतं.

आणि सॅटर्नेलिया, म्हणजे रोमन लोकांचा सॅटर्न देवाचा सण, ज्याचं नाव प्रत्येक फॉरवर्डमध्ये असतं, तो १७ डिसेंबरला सुरू व्हायचा आणि लांबवला तरी २३ ला संपायचा. तारीख तिथून आलेली नाही. मेजवान्या, मेणबत्त्या, छोट्या मातीच्या बाहुल्या भेट देणं या गोष्टी मात्र त्यात होत्या, आणि लोक सण बदलले तरी सवयी बदलत नाहीत हे आपल्याला वेगळं सांगायला नको. आपली संक्रांतही मुळात सूर्याच्या उत्तरायणाचीच ना, आता खगोलाच्या हिशोबानं ती तारीख सरकून पुढे गेली तरी आपण तिळगूळ १४-१५ जानेवारीलाच वाटतो.

रशियात ७ जानेवारीला नाताळ कसा काय?

त्यांचाही २५ डिसेंबरच आहे, फक्त जुन्या ज्युलियन कॅलेंडरचा. ते आणि आपलं आजचं कॅलेंडर यांत सध्या १३ दिवसांचा फरक पडतो. रशिया, सर्बिया, जॉर्जिया, इथिओपिया, इजिप्तमधले कॉप्टिक लोक, सगळे ७ जानेवारीवाले. युक्रेननं २०२३ पासून सरकारी सुट्टी २५ डिसेंबरला आणली.

'नाताळ' हा शब्द मराठी आहे का?

पोर्तुगीज आहे. पोर्तुगीजमध्ये नाताल म्हणजे जन्माचा दिवस, मूळ लॅटिन. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती, गोवा तर १९६१ पर्यंत, त्यामुळे हा शब्द इथल्या मातीत मुरला. ख्रिसमस हा शब्द इंग्रजांबरोबर नंतर आला, त्याचा अर्थ ख्रिस्ताची मिस्सा, मिस्सा म्हणजे आमची चर्चमधली मुख्य उपासना.

आणि इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. फादर थॉमस स्टीफन्स नावाचे जेजुइट या कॅथलिक संघातले इंग्रज धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले, मराठी शिकले, आणि त्यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यातल्या राशोलला छापलं गेलं. जवळजवळ ११ हजार ओव्या. ख्रिस्तजन्माची गोष्ट आपल्या ओवीत, पुराणाच्या घाटात, लिपी मात्र रोमन. तेव्हा सांताक्लॉज जन्मलेलाही नव्हता. मराठीतला नाताळ त्याच्यापेक्षा जुना आहे हे मी वर्गात पोरांना आवर्जून सांगते.

गोठ्याचा देखावा करायची पद्धत कुठून आली? त्यात तीन राजे, बैल, गाढव हे बायबलमध्ये आहे?

लूकच्या गोष्टीत बाळाला गव्हाणीत ठेवलं कारण उतारशाळेत जागा नव्हती, आणि मेंढपाळ बघायला आले. मत्तयच्या गोष्टीत पूर्वेकडचे मागी, म्हणजे ताऱ्यांचा अभ्यास करणारे विद्वान, तारा बघून आले, पण किती जण ते लिहिलेलंच नाही, भेटी तीन म्हणून आपण माणसं तीन धरली, सोनं, ऊद आणि गंधरस. ते राजे होते असंही मत्तय म्हणत नाही. आणि ते गोठ्यात नाही, 'घरात' आले. बैल आणि गाढव तर दोन्हीकडे नाहीत, ते यशया संदेष्ट्याच्या एका ओळीवरून आणि नंतरच्या कथांतून आले. आपण दोन्ही गोष्टी एकाच गोठ्यात बसवतो आणि मला ते फार आवडतं, एकीकडे मेंढ्या राखणारे गरीब, दुसरीकडे लांबून आलेले परदेशी विद्वान.

देखावा लोकांच्या मनात रुजवला असिसीच्या संत फ्रान्सिसनं. १२२३ साली, इटलीतल्या ग्रेच्यो गावात. खरा चारा, खरा बैल, खरं गाढव, आणि मध्यरात्रीची मिस्सा. फ्रान्सिसला दाखवायचं होतं की देव किती गरिबीत आला, डोळ्यांनी बघा, वास घ्या. विकत काहीच आणायचं नव्हतं, गावात जे होतं तेच.

आमच्याकडे लहानपणी गव्हाणीसाठी पेंढा शेजारच्या वाडीतून आणायचो, डोंगर करायला कोळशाची पूड लावलेला कागद, आणि वाटीत नाचणी पेरून ठेवायची म्हणजे नाताळापर्यंत हिरवंगार शेत तयार. आता सगळं फायबरचं रेडीमेड मिळतं. मिळू दे, पण पोरांना नाचणी पेरायला लावाच.

ख्रिस्ती लोकांनीच नाताळावर बंदी घातली होती हे खरंय?

अगदी खरं. आणि आजच्या बाजाराची गोष्ट कळायला हे आधी कळावं लागतं.

युरोपात डिसेंबर म्हणजे शेतकऱ्याचा मोकळा महिना. पीक घरात आलेलं, जनावरं कापलेली म्हणून ताजं मटण, नवीन दारू तयार. मग नाताळ म्हणजे बारा दिवस खाणं, पिणं, सोंगं काढून रस्त्यावर फिरणं, श्रीमंताच्या दारात गाणी म्हणून दारू मागणं आणि नाही दिली तर गोंधळ घालणं. आपल्या शिमग्यातलं पोस्त मागणं आठवा, त्याच जातीची गोष्ट. कडक प्रोटेस्टंट म्हणजे प्युरिटन लोकांना हे अजिबात खपायचं नाही, त्यांचं म्हणणं सरळ होतं, बायबलमध्ये हा सण नाही, तारीख नाही, आणि येशूच्या नावावर तुम्ही धिंगाणा घालता.

इंग्लंडमध्ये त्यांची सत्ता आली तेव्हा पार्लमेंटनं १६४७ मध्ये नाताळ कायद्यानं रद्द केला. त्या वर्षी २५ डिसेंबरला कँटरबरी शहरात महापौरानं हुकूम काढला की दुकानं उघडी ठेवा, आणि लोक इतके खवळले की उघड्या दुकानांवरच चालून गेले, दंगल झाली. जरा थांबून विचार करा. दुकान उघडं आहे म्हणजे नाताळ मेला, असं त्या लोकांना वाटत होतं. १६६० मध्ये राजा परत आला आणि सणही परत आला.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स वसाहतीनं १६५९ मध्ये कायदा केला की नाताळ पाळताना कुणी सापडला तर ५ शिलिंग दंड, तो १६८१ मध्ये उठला पण मनातून बंदी पुढची शंभर-दीडशे वर्षं गेली नाही. स्कॉटलंडमध्ये तर २५ डिसेंबरला सार्वजनिक सुट्टी मिळाली १९५८ साली!

याचा आपल्याशी एक धागा आहे. १८१३ मध्ये मुंबईत आलेलं अमेरिकन मराठी मिशन, ज्यांचं काम पुढे अहमदनगर भागात पसरलं, ते याच मॅसॅच्युसेट्समधून, प्युरिटनांच्या वारसांच्या चर्चमधून निघालेलं. नगरकडची प्रोटेस्टंट मंडळी आज दणक्यात नाताळ करतात, पण ज्या परंपरेनं त्यांच्याकडे शुभवर्तमान आणलं तिला एके काळी हा सणच मंजूर नव्हता.

मग हा घरातला, मुलांचा सण कधी झाला?

एकोणिसाव्या शतकात, आणि मुख्यतः दोन शहरांमुळे, न्यूयॉर्क आणि लंडन.

१८०० नंतर न्यूयॉर्क भराभर वाढत होतं, कारखाने, बंदर, बेकार तरुण, आणि डिसेंबरात रस्त्यावर दारू पिऊन ढोल-पिपाण्या वाजवत फिरणारी टोळकी. पैसेवाल्या घरांना हे नको होतं. त्यांनी सण रस्त्यावरून उचलून घरात आणला. पूर्वी मालक गरिबाला द्यायचा, आता आईबाप मुलांना द्यायला लागले. जॉन पिन्टार्ड नावाच्या न्यूयॉर्कच्या गृहस्थानं १८१० मध्ये तिथल्या इतिहास मंडळात ६ डिसेंबरला संत निकोलसच्या नावानं जेवण ठेवलं, शहर पूर्वी डचांचं होतं म्हणून डच संत. मग २३ डिसेंबर १८२३ ला ट्रॉय गावच्या पेपरात निनावी कविता छापून आली, त्यात हा संत आठ रेनडिअरच्या गाडीतून येतो आणि धुराड्यातून उतरून मोज्यांत खेळणी भरतो. बिशपचा टोप गेला, काठी गेली, देऊळ गेलं. राहिला एक गुबगुबीत हसरा म्हातारा, तोच आपला सांताक्लॉज.

मुलांना द्यायचं म्हटल्यावर खेळणी लागणार. पूर्वी जे घरात शिजायचं ते वाटायचे, आता दुकानातून आणायची वस्तू आली. म्हणून मी म्हणते की बाजार नंतर घुसला हे पूर्ण खरं नाही, आज आपण ज्याला घरगुती नाताळ म्हणतो त्याच्या बारशालाच दुकानदार हजर होता.

सांताक्लॉजचे लाल कपडे कोका-कोलानं दिले ना?

नाही. थॉमस नास्ट या चित्रकारानं १८६३ पासून एका साप्ताहिकात सांताची चित्रं काढली, पहिल्या चित्रात तर तो यादवी युद्धातल्या सैनिकांना भेटी वाटतोय आणि अंगात अमेरिकेच्या झेंड्याचे तारे-पट्टे आहेत. लाल सांता १९३० च्या कितीतरी आधीपासून मासिकांवर होता. कोका-कोलानं १९३१ पासून हॅडन सन्डब्लोमकडून जी चित्रं करून घेतली त्यांनी तोच एक चेहरा जगभर पक्का केला, थंडीत कोल्ड्रिंक विकायचं होतं म्हणून.

खरा निकोलस चौथ्या शतकातला बिशप, मायरा गावचा, ते आज तुर्कस्तानात आहे. त्याची सगळ्यात प्रसिद्ध आख्यायिका हुंड्याची आहे. एका गरीब बापाच्या तीन मुली, हुंडा नाही म्हणून लग्नं अडलेली, मुलींना विकायची पाळी आलेली, तर निकोलसनं रात्री गुपचूप खिडकीतून सोन्याच्या थैल्या टाकल्या, कुणी दिलं ते कळू नये म्हणून. महाराष्ट्रात ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. मला वाईट वाटतं ते एवढंच की सांताच्या गोष्टीतून ती मुलींची अडचणच नाहीशी झाली.

ख्रिसमस ट्री, कार्ड, लाइट्स यांचं काय?

झाड जर्मन भाषिकांचं, १६०५ मध्ये स्ट्रासबर्गला घरात झाड उभं करून कागदाची गुलाबं आणि सफरचंदं लावायचे असं वर्णन मिळतं. व्हिक्टोरिया राणीचा नवरा अल्बर्ट जर्मन, १८४८ मध्ये त्यांच्या कुटुंबाचं झाडाभोवतीचं चित्र लंडनच्या पेपरात छापलं आणि सगळ्यांना झाड हवं झालं. कार्ड १८४३ चं, हेन्री कोल या इंग्रज अधिकाऱ्यानं वेळ वाचावा म्हणून सुमारे हजारभर छापून घेतली, एकाची किंमत १ शिलिंग, म्हणजे गरिबाला न परवडणारी. विजेचे दिवे १८८२, एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन, न्यूयॉर्कच्या घरातल्या झाडावर ८० रंगीत बल्ब.

आपला तारा मात्र आपला. बांबूच्या कामट्या आणि घोटीव कागद, दिवाळीचा आकाशकंदील करणारेच हात तोही करतात.

डिसेंबर म्हणजे शॉपिंग, हे गणित नेमकं कुणी बसवलं?

एका माणसानं नाही. टप्प्याटप्प्यानं झालं.

न्यूयॉर्कच्या मेसीज दुकानानं १८६७ मध्ये २४ डिसेंबरला मध्यरात्रीपर्यंत दुकान उघडं ठेवलं. वुलवर्थ या अमेरिकन दुकानदारानं १८८० पासून जर्मनीतल्या लाउशा गावची काचेची डेकोरेशनं विकायला घेतली, घरोघरी फुंकून केलेली. १८७० मध्ये अमेरिकेनं नाताळची सरकारी सुट्टी जाहीर केली होती. म्हणजे सुट्टी आली, दुकानं आली, माल आला.

पुढचं वाचून मी खरंच हळहळले. त्या मोठ्या दुकानांत काउंटरवर काम करणाऱ्या बहुतेक तरुण पोरी, आणि सामान पोचवणारी लहान मुलं, नाताळच्या आधीचे दोन आठवडे रात्री उशिरापर्यंत राबायची, सणाच्या दिवशी अंगात ताकद उरायची नाही. फ्लॉरेन्स केली या कामगारांसाठी लढणाऱ्या बाईनं आणि तिच्या ग्राहक संघटनेनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोकांना विनवलं की बाबांनो खरेदी लवकर उरका, शेवटच्या दिवसांवर ठेवू नका, या पोरींना जरा श्वास घेऊ द्या. किती चांगली मागणी. दुकानदारांनी ती आनंदानं मान्य केली आणि सीझन पुढे खेचला, पण शेवटच्या दिवसांची गर्दी कमी झालीच नाही, फक्त खरेदीचे दिवस वाढले.

१९१२ मध्ये न्यूयॉर्कात निरुपयोगी भेटी थांबवायची संघटनाच निघाली होती, कारण त्याच काउंटरवरच्या पोरींना पगारातून पैसे काढून वरच्या साहेबाला नाताळ भेट द्यावी लागायची. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टही सभासद झाले.

१९३९ हे वर्ष तर लक्षात ठेवण्यासारखं. त्या वर्षी शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्ड कंपनीनं गिऱ्हाइकांच्या मुलांना फुकट वाटायला एक गोष्ट लिहून घेतली, लाल नाकाच्या रुडॉल्फ रेनडिअरची, आणि पहिल्याच मोसमात २४ लाख प्रती वाटल्या. लिहिणारा रॉबर्ट मे हा कंपनीत जाहिराती लिहिणारा, त्या वर्षी त्याची बायको कॅन्सरनं गेली, चार वर्षांची मुलगी पदरात. म्हणजे जाहिरातीसाठी केलेल्या गोष्टीतही माणसाचं खरं दुःख होतं, हे मला विसरता येत नाही.

आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टनी थँक्सगिव्हिंगचा, म्हणजे अमेरिकेतल्या आभार मानायच्या सणाचा, दिवसच हलवला. तो नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी असायचा, त्या वर्षी ३० तारखेला येत होता, आणि नाताळची खरेदी त्याच्यानंतर सुरू व्हायची रीत. व्यापारी म्हणाले दिवस कमी पडतात. मग तो २३ तारखेला केला. निम्म्या राज्यांनी ऐकलं, निम्म्यांनी नाही, शेवटी १९४१ च्या कायद्यानं चौथा गुरुवार ठरला. एका सणाच्या विक्रीसाठी दुसऱ्या सणाची तारीख सरकवली.

आता यात किती पैसा आहे?

अमेरिकेतल्या किरकोळ विक्रेत्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या हिशोबानं २०२४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात तिथे साधारण ९९४ अब्ज डॉलरची विक्री झाली, त्यात गाड्या, पेट्रोल आणि हॉटेलं धरलेली नाहीत. डेकोरेशनचा खूप मोठा भाग चीनमधल्या यिवू शहरातून येतो, क्रॉफर्ड मार्केटमध्ये मिळणारी चमकी आणि चेंडूही बहुतेक चीनमधलेच असतात.

जोएल वॉल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञानं १९९३ मध्ये हिशोब मांडला होता की भेटवस्तूवर देणाऱ्यानं जेवढे पैसे घातले त्यातले १० टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत वाया जातात, कारण घेणाऱ्याला ती वस्तू तेवढ्या किमतीची वाटत नाही. ज्यांच्या कपाटात तीन सेम मग पडून आहेत त्यांना हे पटेल.

जिथे ख्रिस्ती लोकच नाहीत तिथेही नाताळ कसा?

जपान बघा, ख्रिस्ती लोक जेमतेम १ टक्का, २५ डिसेंबरला सुट्टीही नाही, पण १९७४ मध्ये केएफसीनं नाताळला चिकन खा अशी जाहिरात सुरू केली आणि आज लोक आधीपासून ऑर्डर देऊन ठेवतात. महाराष्ट्रातही २०११ च्या जनगणनेत ख्रिस्ती १ टक्क्याच्या आतच आहेत, आणि मॉलमधलं झाड मात्र दोन मजली. म्हणजे बाजाराला येशू लागतच नाही, सांता पुरतो.

तुमचं काय मत, बाजारानं नाताळ बिघडवला का?

खाणं-पिणं, भेटी, दिवे यांनी बिघडला असं मला नाही वाटत, ते आधीपासून होतं. माझी तक्रार वेगळी आहे. बाजारानं कॅलेंडर उलटं केलं.

चर्चच्या हिशोबात नाताळ सुरू होतो २४ च्या रात्री आणि पुढे चालतो, जुन्या मोजणीनं बारा दिवस, ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत. त्याच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. तो सण नाहीच, ती वाट पाहणं आहे. धर्मगुरूंचा झगा जांभळा, मिस्सेत गौरवगीत म्हणत नाहीत, वेदीवर फुलं कमी. पूर्वी उपासही असायचे. आईबापांनी बाळाची वाट बघावी तसे चार आठवडे. तिसऱ्या रविवारी तेवढा गुलाबी रंग, आता जवळ आलं म्हणून.

दुकानात याच्या बरोबर उलट चालतं. नोव्हेंबरपासून गाणी, महिनाभर सगळं जोरात, आणि २६ तारखेला झाड खाली उतरवून 'न्यू इयर सेल'चा बोर्ड. म्हणजे ज्या दिवशी बाळ जन्मलं त्या दिवशी पाहुण्यांनी निघून जायचं. बाळंतिणीच्या घरी असं कुणी वागतं का? पाचवी असते, बारावा दिवस असतो, बारसं असतं, खरी वर्दळ जन्मानंतरच असते ना.

वाट बघणं विकता येत नाही, म्हणून ते दुकानात नाही. माझ्या वर्गातल्या मुलांना आगमनकाळ म्हणजे काय हे दरवर्षी नव्यानं सांगावं लागतं, सेल कधी लागतो ते पाठ असतं. यात मुलांची चूक नाही, आम्हा मोठ्यांनीही १ डिसेंबरलाच झाड उभं करायला घेतलं.

मग भेटवस्तू देऊच नये का?

द्या की. मागींनी दिल्या, निकोलसनं दिल्या. निकोलसची रीत आठवा फक्त, ज्याला गरज होती त्याला दिलं आणि नाव सांगितलं नाही. आमच्याकडे करंज्या, कुलकुल, फुगे यांची ताटं झाकून शेजारी पाठवतात, गोव्यात दोदोल, नेवऱ्या, बेबिंका असतं. आणि ताट रिकामं परत येत नाही, साखर तरी घालून येतंच.

मुलानं विचारलं सांता खरा आहे का, तर काय सांगू?

मी निकोलसची गोष्ट सांगते, हुंड्यासकट. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना ती नीट कळते. एका मुलीनं ऐकून विचारलं होतं, मग आपण कुणाच्या खिडकीत टाकायचं? त्या वर्षी वर्गानं खाऊचे पैसे जमवून एका घरी तांदूळ-डाळ पोचवली, आणि कुणाच्या घरी ते मुलांनाही सांगितलं नाही.

आमचे शेजारी ख्रिस्ती आहेत, शुभेच्छा द्यायला कधी जावं?

२४ ला संध्याकाळी नको, घरात फार गडबड असते, रात्रीच्या मिस्सेला निघायचं असतं. २५ ला दुपारनंतर कधीही. आणि २५ हुकला तर वर्ष गेलं असं समजू नका, २८ ला या, १ तारखेला या, गव्हाणी तशीच मांडलेली असते, करंज्याही शिल्लक असतात. गोव्यात असाल तर ६ जानेवारीला रेइश मागुश किंवा चांदरला जा, तिथे तीन मुलगे राजे होऊन मिरवत चर्चला येतात. रेइश मागुश म्हणजे मागी राजेच. आमच्याकडे राजांच्या मूर्ती पहिल्या दिवशी गोठ्यापासून लांब, खिडकीच्या फळीवर ठेवतो आणि मुलं रोज एक वीत पुढे सरकवतात, ६ तारखेला ते पोचतात. तोपर्यंत कधीही या, दार उघडंच असतं.